अर्ज, अंमलदारांमार्फत

३ जुलै १९२१, रविवार

लाकडी बंदुका बावीसच भरल्या. तेविसावी म्हणे मागच्या हिवाळ्यात एका पोराच्या आईने चुलीत घातली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. युद्धाच्या आधीपासून शाळेतली मुलं या बंदुका खांद्यावर टाकून कवायत करत. आता युद्ध हरल्यावर झालेल्या तहात कलम आहे की शाळांनी लष्करी गोष्टींत लक्ष घालू नये. लाकडी बंदूक ही लष्करी गोष्ट धरायची की नाही, याचा कलमात खुलासा नाही. म्हणून मी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत, आमच्या सात गावांच्या अंमलदारांकडे. अंमलदार म्हणजे जमीनदार फॉन त्साड्रोच. कैसर गेला, प्रजासत्ताक आलं, पण आमच्या वुसेंटिन गावचा शिक्का अजून मालकांच्याच टेबलावर असतो, आणि ते बरंच आहे.

आल्मा सूप वाढता वाढता हसली. "बाबा, जाळून टाका आणि मोकळे व्हा. चुलीलासुद्धा परवानगी लागते का?"

लागते. उद्या कोणी तपासायला आलं तर कागद दाखवता आला पाहिजे. एवढ्या मोठ्या देशाला फक्त एक लाख शिपाई ठेवायची मुभा. विमान नाही, रणगाडा नाही, मोठी तोफ नाही. अशा वेळी निदान आपले कागद तरी स्वच्छ असावेत.

११ जुलै

मालकांनी अर्जावर लाल पेन्सिलीने लिहिलं, "मास्तर, जाळा. मुलांना दांताळी द्या." आम्ही आज दांताळी घेऊन कवायत केली. एकाच्या डोक्याला खोक पडली.

वाड्यावर राय धान्याच्या कापणीसाठी सहा तरुण आले आहेत. सिलेशियात पोलिशांशी लढून आलेत म्हणतात. हात मऊ आहेत, विळा धरता येत नाही, पण जेवायला जातानासुद्धा पावलाला पाऊल जुळवून जातात. त्यांच्या म्होरक्याचं नाव थीलके. वयाने तिशीचा, बोलायला गोड. एका पोराने चुकून त्याला "लेफ्टनंटसाहेब" म्हटलं, तर त्याने हसत त्या पोराचा कान पिळला.

२४ जुलै, रविवार

मालकांच्या दूरदृष्टीचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. बटाटे अजून फुलावर आहेत, काढणीला दोन महिने आहेत, आणि दारूभट्टीमागे बटाटे पुरायचे ढीग आत्ताच तयार. एकूण चार. वर पेंढा, पेंढ्यावर माती, बाजूने पाण्याला चर. एवढं चोख काम मी आजवर पाहिलं नाही.

लेमके सुईण कुंपणाशी उभी होती. सत्तरी ओलांडली तरी डोळे घारीचे. म्हणाली, "मास्तरा, आत काय आहे रे?"

"बटाटे."

"कुठले? बटाटे तर शेतात आहेत."

मी म्हणालो, गेल्या वर्षीचे असतील. ती थुंकली. बाईला पहिल्यापासून रीत नाही.

६ ऑगस्ट

थीलके चर्चमध्ये माझ्या गायकवृंदात येऊ लागला आहे. काय आवाज आहे. मी ऑर्गनवर बसलो की मागून खर्ज भरून येतो आणि वाटतं, आपला मुलगा कुर्ट उभा आहे. कुर्ट सतरा साली युद्धात गेला. मालकांनी तेव्हा स्वतःच्या हाताने चार पानं लिहून मला पाठवली होती. ते पत्र मी बायबलमध्ये ठेवलं आहे.

त्या सहांपैकी एक, लालसर केसांचा, हॅम्बुर्गला मावशीकडे गेला. थीलकेशी त्याचं काही तरी वाजलं होतं. कोणाला न भेटता गेला, पण जाताना नवे कोरे बूट मित्राला देऊन गेला. आज ते बूट मी त्या मित्राच्या पायात पाहिले. या पोरांत अशी माया आहे.

२० ऑगस्ट

आज डोकं ठिकाणावर नाही, पण लिहितो.

एवाल्ड पागेल जेवायला आला होता. आमचा होणारा जावई. गाडीची चाकं करतो. डाव्या हाताची दोन बोटं फ्लँडर्सच्या आघाडीवर राहिली, पण उरलेल्या आठांत गावातल्या दहांपेक्षा जास्त अक्कल आहे. ऑक्टोबरात लग्न आहे. नेहमी हंसाच्या मांसाची खारवलेली फोड पुढ्यात आली की त्याची कळी खुलते. आज त्याने ताटाला हात लावला नाही.

"मास्तर, काल वाड्यावरच्या गाडीचा आस मोडला. दुरुस्तीला मला बोलावलं. बटाट्याची गाडी आहे म्हणाले."

"मग?"

"बटाट्याने तो आस मोडत नाही. मीच केलाय तो, ओकचा. माणसं जेवायला गेली तेव्हा मी गोणपाट उचलून पाहिलं. मशीनगन. तेलात भिजवलेल्या चिंध्यांत गुंडाळलेल्या, आठ. त्या चार ढिगांत आणखी किती असतील ते देव जाणे."

आल्माने दार लावून घेतलं.

"कोणी पाहिलं का तुला?" मी विचारलं.

"नाही. आस बसवला आणि आलो. मी श्टेटिनला लिहिणार आहे, जेत्यांच्या शस्त्र-तपासणी कमिशनला."

मी त्याला समजावलं. आपलेच दात, आपलेच ओठ. फ्रेंचांकडे आपल्या माणसांची चुगली करायची? तो तीन वर्षं त्यांच्या तोफांखाली चिखलात होता, त्याला हे मी सांगायचं?

"चिखलात होतो म्हणूनच," तो म्हणाला. "ती हत्यारं कोणी गंमत म्हणून तेलात घालून ठेवत नाही. एक दिवस बाहेर काढणार. मग मागे चालायला कोण? तुमच्या शाळेतली ही पोरं. दांताळी घेऊन कवायत करतात ना, तीच."

आल्मा त्याच्या बाजूची. मला म्हणाली, "आणि बाबा, हे कुठे बोलायचं नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सांगते."

मला वाईट वाटलं. मी बोलतो ते योग्य माणसाशीच बोलतो.

२२ ऑगस्ट

एवाल्डने पत्राचा मसुदा मला दिला. "तुम्ही सुधारून द्या, मास्तर. तुमच्याच हाताखाली शिकलो, पण कमिशनला लिहायचं म्हणजे भाषा नीट हवी. आणि पेटीत टाका. मी टाकायला गेलो तर पोस्टातली बाई पत्ता वाचेल. तुमची सरकारी पाकिटं रोज जातात."

मी सुधारून घेतलं. मजकूर मुद्देसूद आहे: ढीग किती, कुठे, त्याने काय पाहिलं, कोणत्या तारखेला. खाली पूर्ण नाव आणि सही. भित्रा असता तर निनावी लिहिलं असतं. मला त्याचा अभिमान वाटला. मग पत्राची सुरेख नक्कल करून काढली.

२३ ऑगस्ट

पेटीपर्यंत गेलो. पाकीट हातातच राहिलं.

चावडीच्या भिंतीवर सरकारचा छापील कागद आहे, मी रोज त्याच्यासमोरून जातो. त्यात लिहिलंय की शस्त्रं आढळल्यास स्थानिक अंमलदाराकडे कळवावं. कमिशनकडे म्हटलेलं नाही. सत्तावीस वर्षं मी सरकारी नोकर आहे. एकदाही वरिष्ठाला ओलांडून कागद पाठवला नाही. जो कागद अंमलदारांमार्फत जात नाही, तो परत येतो, आणि वर शेरा मारून येतो.

आणि खरं सांगायचं तर मला एवाल्डचीही काळजी वाटली. पत्र श्टेटिनला गेलं की तो जन्मभरासाठी देशद्रोही ठरला. मालकांना घरातल्या घरात कळलं, तर ते स्वतःच सगळं सरकारजमा करतील. कदाचित त्यांना ठाऊकही नसेल. ही पोरं परस्पर काय काय करतात.

मी वाड्याकडे वळलो.

मालकांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला सिगार दिला. या आधी त्यांनी मला कधी सिगार दिला नव्हता. "अक्षर तुमचं आहे, मास्तर."

"नक्कल माझी. मजकूर पागेलचा."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"त्याला आणि मला."

आल्माचं नाव घेतलं नाही. अशा कामांत बायकांना कोण धरतं? मालक खिडकीशी गेले. म्हणाले, "तुम्ही अगदी योग्य केलंत, हे योग्य ठिकाणी पोचेल असं मी बघतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा देश अजून उभा आहे." जाताना दारापर्यंत सोडायला आले. परत येताना माझी पावलं हलकी पडत होती.

२६ ऑगस्ट

मालकांनी शब्द पाळला. पहाटे सहाला मोटार एवाल्डच्या दारात. थीलके आणि आणखी दोघे. एवाल्डचा जबाब श्टेटिनला योग्य अधिकाऱ्यांपुढे नोंदवून घ्यायचा आहे, दोन दिवसांचं काम, असं थीलके म्हणाला. मला आदल्या दिवशीच कळवलं होतं, म्हणून मी पाव आणि सॉसेज घेऊन निरोपाला गेलो.

एवाल्ड दारात सदऱ्याच्या बाह्या वर करून उभा होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, पत्र पेटीत टाकलंत ना?"

"पोचतं केलं," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. शाळेत असताना गणित चुकलं की तो असा बघायचा, पुसून पुन्हा मांडता येईल का म्हणून. मग आत जाऊन कोट घालून आला आणि म्हणाला, "आल्माला सांगा, चाकाचं माप भिंतीवर लिहिलंय, दुसऱ्या कोणाला तरी द्या काम." दोन दिवसांत परत येणाऱ्या माणसाने असं का बोलावं? मी तसं म्हटलंही. थीलके हसला.

एवाल्डला मागे, दोघांच्या मध्ये बसवलं. पायाशी दोन फावडी होती. रस्ता रेताड आहे, चाक रुतलं तर लागतात.

सव्वानऊला मी तिसरीच्या मुलांना नद्यांची नावं सांगत होतो, तेव्हा मोटार परत आली. आजकालची इंजिनं थक्क करतात.

४ सप्टेंबर, रविवार

एवाल्डचं पत्र नाही. चर्चनंतर मालकांना विचारलं. म्हणाले, जबाब दिल्यावर त्याला बंदरात काम मिळालं, बहुतेक जहाजावर गेला. थीलके आज गायला नाही, घसा बसलाय म्हणाला.

आल्मा दुपारी लेमकेकडे जाऊन आली. संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, श्टेटिन किती लांब आहे?"

"एकशे चाळीस किलोमीटर."

"आणि मोटार तासाला किती जाते?"

"चाळीस. चांगल्या रस्त्याला."

"सहाला निघाली. परत किती वाजता आली, ते लेमके काकूंनी पाहिलंय."

मी म्हणालो, मीही ऐकली. ती झोपायला गेल्यावर मी कागद घेतला. हे असलं गणित मी दर आठवड्याला फळ्यावर घालतो: एक मोटार अमुक वाजता निघाली. एकशे चाळीस भागिले चाळीस म्हणजे साडेतीन. साडेतीन दुणे... मग आठवलं, उद्या शाळेत म्हणायच्या भजनाच्या प्रती काढायच्या राहिल्यात. गणित तसंच ठेवलं.

११ सप्टेंबर

आल्माने आज सरळच विचारलं, पत्राचं काय केलंत. मी सांगितलं. सगळं, सिगारसकट. मला वाटलं ती ओरडेल. तिने हातातली बशी टेबलावर ठेवली, अगदी हळू.

"म्हणजे कोंबडी मेल्याची फिर्याद तुम्ही कोल्ह्याकडे नेलीत."

"मालक कोल्हा नाहीत. कुर्ट गेला तेव्हा—"

"मला माहीत होतं, हे सांगितलंत त्यांना?"

"नाही."

"का नाही?"

"सुचलं नाही."

ती खुर्चीवर बसली. "तेवढं एक बरं झालं," म्हणाली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाठीवर हात ठेवला तर तिने खांदा काढून घेतला. मला काय वाटतं ते मला इथेही लिहिता येत नाही. एवाल्ड जहाजावर आहे. जहाजावरून पत्रं उशिरा येतात.

१९ सप्टेंबर

कमिशन आलं. बातमी त्यांना कुठून लागली कोण जाणे. म्हणतात सगळ्याच जमीनदारांकडे फिरताहेत. एक फ्रेंच कप्तान, एक बेल्जियन, चार शिपाई. त्यांचा दुभाष्या ताप येऊन तालुक्याला पडलेला. मालकांना उत्तम फ्रेंच येतं, लहानपणी घरात बाई शिकवायला होती, पण ते म्हणाले, "मी ती भाषा व्हेर्दूंच्या लढाईत सोडून आलो. मास्तरांना बोलवा." म्हणून मी. माझं फ्रेंच पुस्तकी, पण व्याकरणशुद्ध आहे.

वाड्याच्या अंगणात सगळं गाव उभं. मालक माझ्या उजवीकडे, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्यामागे थीलके. चारही ढीग उघडले. आत बटाटे होते, यंदाचे, ओली माती लागलेले. बेल्जियनाने एका ढिगात गज खुपसून पाहिला. बटाटेच.

कप्तान दमलेला माणूस दिसला. म्हणाला, "यांना विचारा, इथे कोणी काही हलवताना पाहिलं का?"

मी विचारलं. लोक आपापल्या बुटांकडे पाहू लागले. लेमके सुईण म्हणाली, "मी फक्त पोरं बाहेर काढते, बाकी काही काढत नाही." दोघे-तिघे हसले. मी तेही भाषांतर केलं, कप्तान हसला नाही.

"या गावातून कधी कोणी काही कळवलंय का?" कप्तानाने मला विचारलं.

हा प्रश्न मालकांनाही कळला. त्यांनी मान वळवली नाही, काठीवरची बोटं फक्त जरा हलली. मी गावाकडे वळलो. तोंड उघडण्याआधी आल्मा पुढे आली. एप्रनला पीठ लागलेलं होतं.

"बाबा, त्यांना विचारा. एवाल्ड पागेल श्टेटिनला त्यांच्यापर्यंत पोचला का? सव्वीस ऑगस्टला. एवढंच विचारा."

थीलके आल्माकडे पाहत होता, चर्चमध्ये गाण्याचं पान उलटायची वाट पाहतो तसा, शांतपणे. त्याला आता कळलं होतं की तिला पत्राचं सगळं माहीत आहे.

कप्तान म्हणाला, "मुलगी काय म्हणते?"

मला सगळे शब्द येत होते. वाक्य डोक्यात जुळलेलं होतं. मालकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं.

मी फ्रेंचमध्ये म्हणालो, "माझी मुलगी विचारते, आपण कॉफी घेणार का?"

कप्तानाने तिच्याकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि मान हलवली. नाही. अगदी सौजन्याने, किंचित खिन्नपणे, दुसऱ्याच्या घरी कोणी पाहुणचार नाकारतो तसं.

आल्माने ते पाहिलं. तिला फ्रेंच येत नाही, पण मान सगळ्यांना वाचता येते. ती तशीच वळली आणि चालत घरी गेली, घाई न करता.

काय विचारलं गेलं हे कप्तानाला कळलं नाही, तरी उत्तर त्याने खरं तेच दिलं: एवाल्ड त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. मालक मला हळूच म्हणाले, "शाबास, मास्तर." मी घोड्यांच्या पाणवठ्यावर जाऊन तोंड धुतलं.

तिच्यासाठी केलं मी. थीलकेसमोर तो प्रश्न फ्रेंचमध्ये गेला असता तर कमिशन तासाभरात निघून गेलं असतं आणि ती इथेच उरली असती. पण असंही वाटतं, की मालकांनी तेव्हा पाहिलं नसतं तर मी काय केलं असतं? हे मला माहीत नाही.

साडेतीन दुणे सात. सहाला निघाली तर एकला परत यायला हवी होती. सव्वानऊला म्हणजे जायला-यायला मिळून सव्वातीन तास. त्यात फावड्यांचा वेळ वजा करायचा. म्हणजे लांब नेलंच नाही त्याला, इथल्याच राइनफेल्डच्या जंगलात कुठे तरी असेल. मी दिलेलं सॉसेज त्याने खाल्लं की नाही, हेच सारखं मनात येत राहतं.

संध्याकाळी आल्मा नेहमीसारखी वागली. सूप केलं. मी म्हणालो, "मी कॉफीचं विचारलं." ती म्हणाली, "मला कळलं होतं, बाबा." भांडी घासली, माझ्या कोटाचं सुटलेलं बटण शिवलं.

२० सप्टेंबर

आल्मा घरात नाही. अंथरूण घडी केलेलं. हिवाळ्याचा कोट नाही, कुर्टचा प्रवासाचा डबा नाही. चिठ्ठी नाही. सगळीकडे पाहिलं: भाकरीच्या डब्यात, बायबलमध्ये, ऑर्गनच्या बाकाखाली. काही नाही. स्टेशनवर गेली, का नदीने, का लेमके सुईणीच्या भाच्याच्या गाडीतून? काही कळत नाही. लेमकेकडे गेलो तर तिने माझ्या तोंडावर दार लावलं. दार लावताना म्हणाली, "तुला काही सांगायचं नाही असं ठरलंय, मास्तरा. तुझ्याच लेकीने ठरवलंय."

दहाला थीलके आला. आधी फाटकाशी टोपी काढली. "मास्तर, आल्मा कुठे आहे? मालकांना तिच्याशी बोलायचंय. काल जरा गैरसमज झाला असेल तिचा."

"मला माहीत नाही."

"तुमच्या मुलीबद्दल तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तो आत आला. खोल्या पाहिल्या, तिचं कपाट उघडलं, खाटेखाली पाहिलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि गुडघ्यावर हात ठेवून, सभ्यपणे, तोच प्रश्न तीन वेळा विचारला. श्टेटिन का? बर्लिन का? कोणत्या गाडीने? मी तिन्ही वेळा म्हणालो, माहीत नाही. शेवटी उठला. माझ्यावर विश्वास बसला त्याचा. सत्तावीस वर्षं हे गाव मला ओळखतं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं.

मोटार स्टेशनच्या रस्त्याने गेली. मी फाटकाशी उभा राहिलो, शाळेची घंटा दिली नाही. मुलं अंगणात वाट बघत बसली. पाऊणला मोटार परत आली. मागची जागा रिकामी होती.

आता खरं लिहितो, कारण हे पान दुसरं कोणी वाचणार नाही, आणि वाचलं तर वाचू दे. तो विचारत होता तेव्हा माझी जीभ उत्तर शोधत होती. साहेबाने विचारलं की सांगायचं, ही सवय हाडात आहे. ती भीतीहूनही जुनी आहे. मला स्टेशनचं नाव माहीत असतं, तर तिसऱ्यांदा विचारल्यावर मी ते सांगितलं असतं. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून ती निरोप न घेता गेली.